फोटोतल्या आजीचे नाव काय?

१४ एप्रिलची पहाट व्हायच्या आधीच आपल्या हातातला मोबाईल निळा होऊन गेलेला असतो. रात्री बाराच्या ठोक्याला पहिला जयभीम येतो आणि मग थांबत नाही. भावकीचा गट, वस्तीचा गट, विहाराचा गट, कचेरीतल्या मित्रांचा गट, सगळीकडून बाबासाहेबांची छायाचित्रे येत राहतात. ६ डिसेंबरलाही तेच. ३ जानेवारीला सावित्रीमाई, ७ फेब्रुवारीला माता रमाई, २० मार्चला महाडचे चवदार तळे, ११ एप्रिलला जोतीराव फुले, २६ नोव्हेंबरला संविधान. वर्षाच्या बारा महिन्यांत आपल्या चळवळीची एकही मोठी तारीख आता कोरडी जात नाही.

ही गोष्ट आनंदाचीच आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊन छापायलाही 'केसरी' तयार नव्हता, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या सभा, आपले सत्याग्रह, आपली माणसे यांना दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रात जागा मिळत नव्हती. आज शाळेत जाणारी मुलगीही सकाळी एक जुने छायाचित्र पाठवते आणि संध्याकाळपर्यंत ते नागपूरपासून लंडनपर्यंत पोहोचते. त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि छापखान्याचे बिलही येत नाही.

परंतु छायाचित्र पुढे पाठवणे वेगळे आणि इतिहास जपणे वेगळे. हजार वेळा पुढे गेलेल्या छायाचित्राखाली तारीख चुकीची असेल तर ती चूकही हजार घरांत जाते. आणि त्या छायाचित्रात बाबासाहेबांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसांची नावे कोणी लिहिलीच नसतील, तर ती माणसे दर वर्षी दिसतात आणि दर वर्षी थोडी अधिक पुसली जातात. या लेखात बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी.

तारखेचा घोळ

आधी तारखांकडे पाहू. धम्मदीक्षेचा सोहळा नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाला. त्या वर्षी विजयादशमी त्याच दिवशी होती. त्यामुळे आपल्याकडे हा दिवस दोनदा येतो, एकदा अशोक विजयादशमीला आणि एकदा १४ ऑक्टोबरला. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला आला, २०२५ साली २ ऑक्टोबरला. त्या दिवशी 'आजच्याच तारखेला १९५६ साली दीक्षा झाली' असे लिहून छायाचित्र पाठवले, तर वाचणारे लहान मूल २ ऑक्टोबर हीच दीक्षेची तारीख समजून बसेल. 'आज अशोक विजयादशमी, दीक्षेची तारीख १४ ऑक्टोबर १९५६' एवढे लिहिले की प्रश्न मिटतो.

दुसरे उदाहरण महापरिनिर्वाणाचे. मुंबईतील अंत्ययात्रेची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. जिकडे नजर जाईल तिकडे माणसेच माणसे. त्यांच्याखाली पुष्कळदा '६ डिसेंबर १९५६' असे लिहिलेले असते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबरला दिल्लीत, २६ अलीपूर रोडवरील निवासस्थानी झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले. अंत्ययात्रा आणि दादरच्या समुद्रकिनारी झालेला अंत्यसंस्कार ७ डिसेंबरचा. म्हणजे मुंबईच्या गर्दीचे ते छायाचित्र सहा तारखेचे असूच शकत नाही. कोणी म्हणेल, एका दिवसाने काय बिघडते? बिघडते ते असे की त्या एका रात्रीत खेड्यापाड्यांतून, मिळेल त्या गाडीने, मिळेल ते वाहन पकडून माणसे मुंबईकडे निघाली. तारीख चुकली की त्या माणसांचा प्रवासच पुसला जातो.

राजगृहातले एक छायाचित्र

आता एक असे छायाचित्र पाहू की ज्याची ओळख नीट जपली गेली आहे. फेब्रुवारी १९३४ मधले, दादरच्या राजगृहातले. बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, मुलगा यशवंत आहे, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंद आहे. आणि बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबी, त्याचेही नाव छायाचित्राखाली येते.

या छायाचित्रानंतर सव्वा वर्षातच, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. त्यांची मोजकीच छायाचित्रे आपल्याकडे आहेत. ज्याने कोणी या छायाचित्राचा महिना, साल, घर आणि माणसांची नावे टिपून ठेवली, त्याने आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. त्यामुळे आज आपण बोट ठेवून सांगू शकतो की ही रमाई, ही त्यांची जाऊ, हा यशवंत. एका संसाराचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. नावे नसती तर आपण 'बाबासाहेब आणि कुटुंबीय' म्हणून मोकळे झालो असतो.

नागपूरच्या त्या भगिनी

आता दुसरे छायाचित्र घ्या. जुलै १९४२, नागपूर. बाबासाहेब आणि त्यांच्या भोवती परिषदेला आलेल्या महिला प्रतिनिधी. हे छायाचित्र ८ मार्चला, जागतिक महिला दिनी, हटकून फिरते. खाली लिहिलेले असते, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर महिला प्रतिनिधींसमवेत'. एका माणसाचे नाव आणि बाकी साऱ्या 'प्रतिनिधी'.

त्या प्रतिनिधी कोण होत्या? १८ आणि १९ जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्गांची परिषद भरली आणि तिथेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन करण्याचे ठरले. २० जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. विचार करा, १९४२ साल. घरात खायची भ्रांत, पदरात मूल, पायात वहाण नाही, आणि या बाया परिषदेला आल्या. त्यांनी ठराव कसले केले? नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा हक्क स्त्रीला कायद्याने मिळावा. एकीवर दुसरी करण्याची चाल बंद व्हावी. कामगार स्त्रियांना रजा आणि पेन्शन मिळावी. आपल्या मुलींसाठी वसतिगृहे निघावीत. देशाच्या संसदेत हिंदू कोड बिलावरून वादळ उठले ते यानंतर कितीतरी वर्षांनी.

अशा स्त्रियांचे हे छायाचित्र आणि आपल्याला त्यांची नावे सांगता येत नाहीत. त्यात तारखेचाही घोळ आहे. पुष्कळ ठिकाणी या छायाचित्राखाली '८ जुलै १९४२' असे छापलेले दिसते. परिषद १८ ते २० जुलैची, मग छायाचित्र ८ जुलैचे कसे? बहुधा कुठेतरी नक्कल करताना १८ मधला एकाचा आकडा गळाला असावा आणि मग प्रत्येकाने तीच तारीख पुढे ढकलली असावी. एक आकडा परत जागेवर बसवता येईल. नावे मात्र तशी आपोआप परत येणार नाहीत.

ती परत आणायची असतील तर कसे करावे लागते याचा धडा आपल्याच दोन भगिनींनी घालून दिला आहे. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी चळवळीतल्या वयोवृद्ध स्त्रियांची दारे ठोठावली, त्यांच्याजवळ बसून आठवणी लिहून घेतल्या, जुने अंक चाळले. त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक निघाले. २००८ साली वंदना सोनाळकर यांनी ते इंग्रजीत नेले आणि जगभरच्या अभ्यासकांना कळले की या चळवळीत स्त्रिया नुसत्या गर्दीला नव्हत्या. मून आणि पवार त्या दारांशी वेळेवर पोहोचल्या म्हणून हे झाले. १९४२ साली जी मुलगी वीस वर्षांची होती तिने आज शंभरी ओलांडली असती. आता तिला ओळखेल ती तिची मुलगी, सून किंवा नात.

आणि इथेच मोबाईलचा खरा उपयोग आहे. ते छायाचित्र आज हजारो घरांत पोहोचते. त्यातल्या एखाद्या घरात एखादी म्हातारी बाई चष्मा पुसून बघेल आणि म्हणेल, 'अगं, ही तर माझी सासू!' पण छायाचित्राबरोबर कोणी विचारलेच नाही, तर ती सांगणार कोणाला? म्हणून पुढच्या वेळी हे छायाचित्र पाठवताना 'शुभेच्छा'च्या जोडीला एक ओळ घाला: 'यातल्या कोणाला आपण ओळखता का? नाव व गाव कळवावे.' गेल्या पिढीतल्या संशोधकाला यासाठी एसटीने गावोगाव हिंडावे लागत होते.

नावे असली की चूक सापडते

नावे लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. संविधानाच्या मसुदा समितीचे छायाचित्र आपण पाहिले असेल. मध्ये अध्यक्ष या नात्याने बाबासाहेब, शेजारी एन. माधवराव, सय्यद सादुल्ला, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव, मागे तिघे उभे. खाली बहुतेक ठिकाणी तारीख असते २९ ऑगस्ट १९४७.

२९ ऑगस्ट १९४७ ही मसुदा समिती नेमली गेल्याची तारीख आहे, यात शंका नाही. पण त्या दिवशी नेमलेल्या सात जणांत माधवराव नव्हते. बी. एल. मित्तर होते. मित्तर यांच्या जागी माधवराव नंतर आले. मग माधवराव ज्यात बसले आहेत ते छायाचित्र समितीच्या पहिल्या दिवसाचे कसे असेल? समितीच्या स्थापनेची तारीख कोणीतरी छायाचित्राला चिकटवली, असे यावरून दिसते. ही चूक कशामुळे सापडली? खाली प्रत्येकाचे नाव डावीकडून उजवीकडे लिहिलेले होते म्हणून. नावे नसती तर ही तारीख तपासायला काही धागाच राहिला नसता.

आपल्या चळवळीवर टीका करणारे टपून बसलेले असतात. एक तारीख चुकली की 'यांचा सगळाच इतिहास असा' म्हणायला ते मोकळे. आपण कागदावर उभे राहणारे लोक आहोत. बाबासाहेबांनी एकेक विधान पुराव्यानिशी मांडले. त्यांच्याच छायाचित्राखाली ऐकीव तारीख लिहिणे आपल्याला शोभत नाही.

जे छायाचित्रच नाही

हल्ली आणखी एक संकट आले आहे. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बाबासाहेब ओंजळीने पाणी घेत आहेत, असे जे दृश्य २० मार्चला फिरते ते चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी नंतर घडवलेले आहे. ते पाठवायला हरकत नाही. मात्र 'चित्र' असे लिहून पाठवावे. जब्बार पटेल यांच्या चित्रपटात मामुट्टी यांनी बाबासाहेबांची भूमिका इतकी समरसून केली आहे की त्यातले एखादे दृश्य काळे-पांढरे करून पाठवले, तर नवख्या मुलांना ते खरे वाटू शकते. आणि आता तर संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने जुन्या छायाचित्रांना रंग चढवता येतात, ओठ हलवता येतात, कधीच न झालेल्या भेटी घडवता येतात. रंग चढवलेल्या छायाचित्रात साडीचा रंग कोणी ठरवला? यंत्राने. ती साडी पांढरी होती की फिकी निळी, हे त्याला ठाऊक नसते. दीक्षेला आपल्या आया-बहिणी पांढरी लुगडी नेसून गेल्या, याला अर्थ होता. तो रंग यंत्राच्या हाती देऊ नये.

शंका आली तर पडताळणीची साधने आपल्याजवळ आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने काढली. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्यांतला एकविसावा खंड छायाचित्रांचा आणि पत्रव्यवहाराचा आहे. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक'चे अंक १९९० साली ग्रंथरूपाने आले. चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेले अनेक खंडांचे चरित्र पुष्कळ विहारांच्या कपाटात आहे. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू आहेत, पुण्यात सिम्बायोसिसचे संग्रहालय आहे, मुंबईत राजगृह आहे. मुलांना सुटीत एकदा तरी तिथे न्यावे.

आपल्या घरातली पेटी

आता आपल्या घरात या. माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात शाळेचे दाखले, गिरणीचा पास, जमिनीचा सातबारा आणि तळाशी काही फोटो. एकात आजोबा कोट घालून ताठ बसले आहेत, आजी खुर्चीच्या बाजूला उभी आहे. तो फोटो कदाचित दीक्षेनंतरचा पहिला असेल. कोणा चाळीत झालेल्या जयंतीचा असेल. घरातले देव्हाऱ्यातले टाक विसर्जन केल्यावर त्या जागी लावलेल्या बुद्धाच्या तसबिरीचा असेल. हाही आपल्या चळवळीचा इतिहास आहे, आणि तो कोणत्याही शासकीय खंडात छापलेला नाही.

१९५६ साली जो मुलगा बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेला, तो आज ऐंशीच्या आसपास आहे. त्याला अजून आठवते की बैलगाडीने गेलो की रेल्वेने, भाकरी कोणी बांधून दिली होती, शेजारची कोणती काकू बरोबर होती. पाच वर्षांनी ते सांगायला तो असेलच असे नाही. म्हणून हे काम या रविवारी करावे.

काम करण्याची रीत सोपी आहे. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसावे आणि एकेक फोटो हातात द्यावा. घाई करू नये. 'हे कोण?' एवढेच विचारावे आणि ते सांगतील ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावे. नाते विचारावे, नाव विचारावे, गाव विचारावे. 'ही बाळूची आई' असे उत्तर आले तर थांबू नये, बाळूच्या आईचे स्वतःचे नाव विचारावे. आपल्या घरातल्या कितीतरी स्त्रिया कोणाची तरी आई आणि कोणाची तरी कारभारीण म्हणूनच गेल्या.

फोटो कडेने धरावा, बोटांचा घाम वर लागू देऊ नये. जुन्या अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, तो फाटतो. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहावे, बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. मोबाईलने फोटो काढताना खिडकीजवळच्या उजेडात काढावा, फ्लॅश लावू नये. पुढची बाजू काढावी तशी मागचीही काढावी, कारण मागे कोणाचे तरी हस्ताक्षर असू शकते. कडेला स्टुडिओचा शिक्का असेल तर तो कापू नये, गाव कोणते हे पुष्कळदा तोच सांगतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो बारीक आणि पुसट होतो, म्हणून नातेवाइकांना मूळ प्रत 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी आणि एक प्रत मोबाईलबाहेर, संगणकात किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी. मोबाईल पडतो, हरवतो, बिघडतो.

चार ओळींची सवय

यापुढे कोणतेही जुने छायाचित्र पाठवताना त्याखाली चार ओळी लिहिण्याची सवय आपण लावून घेऊ. पहिली, कोण: डावीकडून उजवीकडे, स्त्रियांची नावेही पूर्ण. दुसरी, कुठे. तिसरी, केव्हा. चौथी, हे छायाचित्र कोणाकडून किंवा कोणत्या पुस्तकातून मिळाले. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहावे. अंदाज असेल तिथे 'असावे' लिहावे. 'साल १९५७ असावे' असे लिहिणाऱ्याचा मान कमी होत नाही. उलट पुढच्या माणसाला शोधायला जागा राहते. आणि फोटो दुसऱ्याच्या घरातला असेल, त्यातली माणसे हयात असतील, तर आधी विचारावे. आपल्या माणसांची छायाचित्रे न विचारता काढून, न विचारता छापून 'गरीब वस्तीतील स्त्रिया' म्हणून दाखवणारे पुष्कळ झाले. आपण तरी तसे करू नये.

जयंती मंडळांनाही एक सूचना. दर वर्षी आपण मिरवणुकीसाठी वर्गणी काढतो. त्यातला थोडा भाग बाजूला काढून विहारात एका दुपारी वस्तीतल्या जुन्या फोटोंचे प्रदर्शन भरवावे. प्रत्येक फोटोखाली कोरा कागद आणि पेन्सिल ठेवावी. ज्याला जे नाव आठवेल त्याने ते लिहावे. आया-बायांना आवर्जून बोलवावे, कारण नाती त्यांनाच पाठ असतात. एका जयंतीत एका वस्तीचा इतिहास लिहून होईल.

बाबासाहेबांचा चेहरा आता कोणी विसरणार नाही. तो चौकाचौकांत आहे, संसदेत आहे, जगातल्या विद्यापीठांत आहे. त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या, त्यांच्या शब्दाखातर घर सोडून नागपूरपर्यंत गेलेल्या आपल्या आज्या मात्र नाव विचारणाऱ्याची वाट पाहत आहेत. येत्या तारखेला छायाचित्र पाठवाल तेव्हा त्यांच्या नावाची जागा रिकामी ठेवू नका.

जयभीम.